गस्तीनौकेच्या विस्थापनाचे अनुमान

गस्तीनौकेच्या विस्थापनाचे अनुमान म्हणजे प्रस्तावित गस्तीनौका बांधून पूर्ण झाल्यावर किती वजनाची भरेल, हे ती कागदावर असतानाच ठरवण्याची नौकास्थापत्यातील प्रक्रिया होय. नौकेची लांबी, रुंदी, तिचा पाण्याखाली राहणारा भाग, इंजिनांची शक्ती, इंधनाचा साठा आणि बांधणीचा खर्च हे सारे या एका आकड्याशी जोडलेले असते. हा आकडा आधी ठरवून नौका त्यात बसवता येत नाही. नौकेकडून अपेक्षित असलेल्या कामांतून तो हळूहळू आकार घेतो, आणि पहिल्या अंदाजापासून अंतिम वजनापर्यंत तो बहुधा वाढतच जातो. या लेखात मुख्यतः भारतीय नौदलाच्या खोल समुद्रातील गस्तीनौकांच्या उदाहरणांवरून ही प्रक्रिया स्पष्ट केली आहे.

विस्थापनाची संकल्पना

तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीजचे तत्त्व शालेय अभ्यासक्रमात येते. जहाजाने बाजूला सारलेल्या या पाण्याच्या वजनाला विस्थापन म्हणतात. त्यामुळे जहाजाचे वजन आणि जहाजाचे विस्थापन या दोन वेगळ्या राशी नाहीत. एकच राशी दोन बाजूंनी मोजलेली असते. एका बाजूला पोलाद, यंत्रे, इंधन, माणसे आणि दारूगोळा यांची बेरीज असते. दुसऱ्या बाजूला पाण्याखालील भागाचे घनफळ आणि पाण्याची घनता यांचा गुणाकार. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १.०२५ टन धरली जाते. म्हणजे ३,००० टन विस्थापनाच्या नौकेचा पाण्याखालील भाग सुमारे २,९२७ घनमीटर असतो. आराखडा तयार करणाऱ्याचे सारे कौशल्य या दोन बाजू जुळवण्यात असते. त्याने त्या जुळवल्या नाहीत, तर समुद्र स्वतःच जुळवतो: नौका जास्त बुडते.

व्यापारी जहाजांच्या संदर्भात वापरले जाणारे ‘टनेज’ हे याहून निराळे आहे. ते जहाजाच्या बंदिस्त जागेच्या घनफळावर आधारलेले माप असून वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. कोकण किनाऱ्यावर पूर्वी गलबताचे माप खंडीत सांगत. तेही गलबत किती माल वाहील याचे माप होते, गलबताच्या स्वतःच्या वजनाचे नव्हे. वृत्तपत्रांत या मापांची सर्रास सरमिसळ झालेली आढळते. युद्धनौकांसाठी मात्र विस्थापन हेच माप प्रचलित आहे.

विस्थापनाचे प्रकार

एकाच नौकेची दोन-तीन वेगवेगळी विस्थापने छापलेली दिसतात. त्यांतील एक खरे आणि बाकीची खोटी असे नसते. इंधन, पाणी, शिधा, दारूगोळा आणि खलाशी वगळून केवळ नौकेचे जे वजन, ते रिक्त विस्थापन. हे सर्व भरल्यावरचे, ते पूर्णभारित विस्थापन. या दोहोंच्या मधले ‘प्रमाणित’ विस्थापन हे १९२२ च्या वॉशिंग्टन नाविक करारातून आले. त्यात शिधा आणि दारूगोळा धरला जाई, परंतु इंधन आणि बॉयलरसाठीचे राखीव पाणी वगळले जाई. दूरच्या महासागरांत वावरणाऱ्या नौदलांना इंधन अधिक न्यावे लागते, त्याचा त्यांना तोटा होऊ नये हा त्यामागचा हेतू होता. आज करार उरला नसला तरी संदर्भग्रंथांत ही संज्ञा टिकून आहे. शिवाय जुन्या ब्रिटिश आकडेवारीतील टन १,०१६ किलोग्रॅमचा असतो आणि आजचा मेट्रिक टन १,००० किलोग्रॅमचा. दोन नौकांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच प्रकारचे आहेत ना, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मुख्य परिमाणांवरून अनुमान

लांबी, रुंदी आणि ड्राफ्ट, म्हणजे जलरेषेपासून तळापर्यंतची खोली, एवढी तीनच परिमाणे ठाऊक असली तरी विस्थापनाचा बराच जवळचा अंदाज बांधता येतो. या तिन्हींचा गुणाकार केला की एका आयताकृती ठोकळ्याचे घनफळ मिळते. नौकेचा बुडालेला भाग या ठोकळ्यातून कोरून काढला आहे अशी कल्पना केल्यास, ठोकळ्याचा जेवढा हिस्सा शिल्लक राहील त्या प्रमाणाला ठोकळा-गुणांक म्हणतात. संथ चालणाऱ्या तेलवाहू जहाजात तो ०.८ च्याही वर जातो, कारण असे जहाज जवळजवळ पेटीसारखेच असते. वेगवान, निमुळत्या युद्धनौकेत तो ०.५ च्या आसपास असतो. यावरून सूत्र असे मांडता येते: विस्थापन = लांबी × रुंदी × ड्राफ्ट × ठोकळा-गुणांक × १.०२५.

प्रस्तावित नौकेचा गुणांक अर्थातच आधी ठाऊक नसतो. तो पूर्वी बांधलेल्या, त्याच जातीच्या नौकेवरून घेतात. अशा नौकेला आधारनौका म्हणता येईल. वास्को येथील गोवा शिपयार्डने बांधलेल्या सरयू वर्गातील चार गस्तीनौका २०१३ आणि २०१४ या वर्षांत नौदलात दाखल झाल्या. या वर्गाची लांबी १०५ मीटर, रुंदी १२.९ मीटर, ड्राफ्ट ३.६ मीटर आणि विस्थापन सुमारे २,२३० टन दिले जाते. तिन्ही परिमाणांचा गुणाकार ४,८७६ घनमीटर येतो, त्याला १.०२५ ने गुणल्यास ४,९९८ टन. २,२३० ला या संख्येने भागले की ०.४४६ हा गुणांक मिळतो.

आता हाच गुणांक पुढच्या पिढीच्या नौकेला लावून पाहता येईल. ३० मार्च २०२३ रोजी संरक्षण मंत्रालयाने नव्या पिढीच्या अकरा गस्तीनौकांसाठी करार केले; त्यांपैकी सात गोवा शिपयार्डकडे आणि चार कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सकडे सोपवण्यात आल्या. गार्डन रीचने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार या नौकेची लांबी सुमारे ११३ मीटर, रुंदी १४.६ मीटर आणि ड्राफ्ट ४ मीटर आहे. गुणाकार ६,५९९ घनमीटर, समुद्राच्या पाण्याच्या हिशेबाने ६,७६४ टन, त्याचा ०.४४६ वा हिस्सा सुमारे ३,०१७ टन. अधिकृतपणे सांगितलेले विस्थापन सुमारे ३,००० टनच आहे.

हा मेळ समाधानकारक असला तरी त्यावर फार विसंबू नये, हे इतर नौका तपासल्यावर ध्यानात येते. भारताच्याच जुन्या सुकन्या वर्गासाठी (१०१.९५ मीटर, ११.५ मीटर, ३.४ मीटर, १,८९० टन) हा गुणांक ०.४६३ येतो. नेदरलँड्सच्या हॉलंड वर्गासाठी (१०८.४ मीटर, १६ मीटर, ४.५५ मीटर, ३,७५० टन) तो ०.४६४ आहे, तर ब्रिटनच्या रिव्हर वर्गाच्या दुसऱ्या तुकडीसाठी (९०.५ मीटर, १३.५ मीटर, ३.८ मीटर, सुमारे २,००० टन) अवघा ०.४२. या टोकांचे गुणांक नव्या नौकेला लावले, तर उत्तर २,८४० ते ३,१४० टनांच्या दरम्यान कोठेही पडते. म्हणजे या पद्धतीत शे-दीडशे टन इकडेतिकडे होणारच. पहिल्या टप्प्यावर तेवढी अनिश्चितता चालते. मात्र ती आहे, हे विसरून दशांशापर्यंत उत्तर देण्यात काही अर्थ नाही.

वरील गुणांक पाठ्यपुस्तकांतील गुणांकांपेक्षा लहान का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. याचे कारण लांबीत आहे. जाहीर केलेली लांबी सहसा टोकापासून टोकापर्यंतची असते, आणि पुढे झुकलेल्या नाळेमुळे ती जलरेषेवरील लांबीहून काही मीटरांनी जास्त भरते. रुंदीचेही तसेच, डेकवरची रुंदी जलरेषेवरील रुंदीपेक्षा अधिक असू शकते. वरच्या उदाहरणात जलरेषेवरील लांबी १०५ मीटर आणि रुंदी १४ मीटर मानली, तर ३,००० टनांसाठी खरा ठोकळा-गुणांक जवळपास ०.५ येतो. दोन्ही रीती ग्राह्य आहेत. परंतु एका रीतीचा गुणांक दुसऱ्या रीतीच्या लांबीला लावला की अनुमान दोन-तीनशे टनांनी चुकते. हौशी अभ्यासकांच्या गणितातील सर्वांत मोठी त्रुटी बहुधा येथेच असते.

केवळ लांबीवरून घन-नियमाने केलेला अंदाजही असाच फसवा ठरतो. सरयू वर्गाची लांबी १०५ वरून ११३ मीटर झाली म्हणून विस्थापन या गुणोत्तराच्या घनाने वाढवले, तर सुमारे २,७८० टन मिळतात, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा दोनशेहून अधिक टन कमी. नवी नौका केवळ लांब झालेली नसून प्रमाणाबाहेर रुंदही झाली आहे, हे लांबीचा आकडा सांगत नाही.

ड्राफ्टच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. नौकेचा आडवा छेद वर रुंद आणि तळाशी अरुंद असल्यामुळे जलरेषेजवळचा प्रत्येक सेंटिमीटर खालच्या सेंटिमीटरपेक्षा अधिक वजन पेलतो. वरच्या उदाहरणात जलरेषेवरील क्षेत्रफळ सुमारे १,१५० चौरस मीटर मानल्यास एक सेंटिमीटर बुडण्यास जवळपास १२ टन लागतात. म्हणून ४ मीटर ड्राफ्टमध्ये १० सेंटिमीटरची चूक ही खोलीत अडीच टक्क्यांची, पण विस्थापनात जवळजवळ चार टक्क्यांची चूक होते. त्यातच काही प्रकाशनांत ड्राफ्ट तळापर्यंतचा, तर काहींत पंख्याच्या खालच्या टोकापर्यंतचा दिलेला असतो.

कामगिरीकडून आकाराकडे

आतापर्यंतच्या गणितात परिमाणे हाती आहेत असे गृहीत धरले. खऱ्या प्रस्तावात तीही नसतात. नौदल फक्त काम सांगते: किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात आणि त्यापलीकडे किती दिवस राहायचे, कोणत्या समुद्रस्थितीत हेलिकॉप्टर उतरवायचे, किती वेगाने पाठलाग करायचा.

वेगाचा लांबीशी संबंध विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात प्रतिकृतींवरील प्रयोगांनी दाखवून दिला. नौका स्वतःच लाटा उत्पन्न करते, आणि वेग लांबीच्या मानाने फार झाला की त्या लाटांवरच बहुतेक शक्ती खर्ची पडते. फ्रूड अंक नावाचे गुणोत्तर हे नाते मांडते. १०५ मीटर जलरेषेच्या नौकेसाठी १४ नॉट वेगाला तो सुमारे ०.२२ आणि २३ नॉटला सुमारे ०.३७ असतो, पहिला वेग सुखाचा, दुसरा महागाचा. ढोबळमानाने शक्ती वेगाच्या घनानुसार वाढते असे धरले तरी १४ वरून २३ नॉटवर जाण्यास साडेचारपट शक्ती लागते, आणि लाटांमुळे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. नौका थोडी लांब केली तर तेवढाच वेग कमी शक्तीत मिळतो. लांब सांगाड्याला पोलाद अधिक लागते खरे. पण सांगाड्यातील जास्तीचे पोलाद हे मोठ्या इंजिनापेक्षा आणि त्याच्या आयुष्यभराच्या इंधनापेक्षा स्वस्त पडते. आकार लहान ठेवून पैसा वाचतो ही प्रशासकीय समजूत म्हणूनच नेहमी खरी ठरत नाही.

पल्ल्यावरून इंधन ठरते. नव्या गस्तीनौकेचा पल्ला १४ नॉट वेगाने ८,५०० सागरी मैल सांगितला जातो. हे अंतर तोडण्यास सुमारे ६०७ तास, म्हणजे पंचवीस दिवस लागतात. उदाहरणादाखल या वेगाला २,५०० किलोवॉट शक्ती आणि विजेसाठी आणखी ५०० किलोवॉट लागतात, आणि दर किलोवॉट-तासाला २०० ग्रॅम डिझेल जळते असे मानले, तर एकूण सुमारे ३६५ टन इंधन होते. म्हणजे नौकेच्या वजनाचा आठवा हिस्सा केवळ पल्ल्याच्या एका वाक्यातून निश्चित झाला.

शस्त्रास्त्रांचा वाटा मात्र वाचकांच्या कल्पनेपेक्षा लहान असतो. सरयू वर्गावरील ७६ मिलिमीटर तोफेचे वजन दारूगोळ्याविना साडेसात-आठ टन, म्हणजे विस्थापनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ध्रुव हेलिकॉप्टर पूर्ण भारासह साधारण साडेपाच टनांचे. तरीही त्याच्यासाठी हँगर, उतरण्याचा डेक, इंधनाची टाकी आणि वैमानिक-तंत्रज्ञांची निवासव्यवस्था करावी लागते, आणि नौकेचा मागचा बराचसा भाग त्यातच जातो. गस्तीनौका वजनाने नव्हे तर जागेच्या गरजेने मोठी होते, असे म्हणण्याचे कारण हेच. महिनाभर समुद्रावर राहणाऱ्या शंभराहून अधिक माणसांना झोपायला, जेवायला आणि अंगावरचे मीठ धुवायला जागा व पाणी लागते. त्यांचा हिशेब तोफेपेक्षा मोठा असतो.

वजनांची बेरीज

परिमाणे ठरत आली की दुसऱ्या बाजूने, म्हणजे वजनांकडून, अनुमान सुरू होते. नौकेचे वजन सांगाडा, प्रणोदन यंत्रणा, वीजयंत्रणा, संपर्क व टेहळणी साधने, साहाय्यक यंत्रणा, अंतर्गत सजावट व सामग्री आणि शस्त्रास्त्रे अशा सात गटांत मांडण्याची अमेरिकी नौदलाची पद्धत बऱ्याच देशांत वापरली जाते. सांगाड्याचे वजन लांबी, रुंदी आणि डेकपर्यंतची उंची यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात काढतात. इंजिनांचे उत्पादकाच्या माहितीपत्रकावरून. केबल, नळ, रंग, वेल्डिंगचा धातू अशा किरकोळ गोष्टी सुटतात, आणि सुटलेल्या गोष्टी नेहमी वजन वाढवणाऱ्याच असतात.

ही बेरीज पहिल्या अंदाजाशी क्वचितच जुळते. समजा दहा टनांचे यंत्र वाढले. ते पेलण्यासाठी नौका किंचित मोठी करावी लागते; मोठ्या नौकेला तोच वेग गाठण्यास अधिक शक्ती लागते; अधिक शक्तीला अधिक इंधन. दहा टनांची वाढ शेवटी पंधरा-वीस टनांवर जाऊन थांबते. अभिकल्पाचे हे पुन्हा पुन्हा फिरणे जे. हार्वे इव्हान्स यांनी १९५९ मध्ये आत फिरत जाणाऱ्या सर्पिल रेषेच्या आकृतीने दाखवले, आणि ती आकृती आजही नौकास्थापत्याच्या वर्गांत शिकवली जाते. आता ही आवर्तने संगणक काही क्षणांत करतो. तरी त्याला पुरवलेली वजने खरी नसतील तर त्याचे उत्तरही खरे नसते.

राखीव वजन आणि अनुमान चुकल्याचे परिणाम

वजन वाढणारच हे गृहीत धरून प्रारंभीच्या अनुमानात काही टक्के राखीव ठेवतात. त्याखेरीज नौकेच्या पंचवीस-तीस वर्षांच्या आयुष्यात नवी रडार, नव्या तोफा बसतील यासाठी वेगळी तरतूद असते. खर्चाच्या वाटाघाटींत पहिली कात्री याच तरतुदीला लागते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

अनुमान चुकल्यास नौका खोल बुडते, वेग घटतो, आणि डेकची पाण्यावरील उंची कमी होते. वाढलेले वजन उंचावर असेल तर गुरुत्वमध्य वर सरकून स्थैर्य जाते. ब्रिटनची एचएमएस कॅप्टन ही बुरूजधारी युद्धनौका नियोजनापेक्षा सातशेहून अधिक टनांनी जड झाली. डेकची उंची ठरवलेल्या सुमारे ८ फुटांऐवजी साडेसहा फुटांवर आली. १८७० च्या सप्टेंबरमध्ये स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळात ती उलटली आणि सुमारे पावणेपाचशे माणसे बुडाली. तिचा आग्रह धरणारे कूपर कोल्सही त्यांत होते.

गस्तीनौकांना अधिक जवळचे उदाहरण जपानच्या तोमोझुरू या टॉर्पेडो नौकेचे आहे. १९३० च्या लंडन करारात ६०० टनांखालील नौकांवर संख्येची मर्यादा नव्हती. त्याचा लाभ घेण्यासाठी जपानने सुमारे ५३५ प्रमाणित टनांचा आराखडा केला आणि त्यावर विनाशिकेला शोभतील अशी शस्त्रे चढवली. १२ मार्च १९३४ रोजी सरावावरून परतताना ती सासेबोजवळ उलटली. शंभराच्या आसपास खलाशी मृत्युमुखी पडले. येथे गणित येत नव्हते असे नाही. आकडा आधी ठरला आणि नौका त्यात कोंबली गेली. त्यानंतर जपानी नौदलाला आपल्या अनेक नौकांचे स्थैर्य नव्याने तपासून त्यांवरील वजन उतरवावे लागले.

संगणकाच्या युगातही हा धोका संपलेला नाही. स्पेनच्या एस-८० वर्गातील पाणबुडी आराखड्यापेक्षा जड होत असल्याचे २०१३ मध्ये उघड झाले, आणि तिला तरते ठेवण्यासाठी सांगाडा सुमारे १० मीटरने लांबवावा लागला. पहिली पाणबुडी नौदलाला मिळण्यास २०२३ उजाडले.

प्रत्यक्ष पडताळणी

नौका पाण्यात उतरल्यावर अनुमानाची परीक्षा होते. नाळेवर, मध्यभागी आणि मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या खुणांवरून ड्राफ्ट वाचतात, आराखड्यावरून बुडालेले घनफळ काढतात आणि पाण्याच्या घनतेने गुणतात. ही घनता १.०२५ धरून चालत नाही. त्या दिवशीच्या पाण्याचा नमुना घेऊन ती घनतामापीने मोजावी लागते. गोवा शिपयार्ड झुआरी नदीच्या मुखाजवळ आहे. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी खाडीत उतरते आणि घनता घटते. ३,००० टनांची नौका पूर्ण गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा सुमारे ६ सेंटिमीटर अधिक बुडेल. हा फरक लक्षात घेतला नाही, तर वजन सुमारे ७५ टनांनी जास्त भासते.

याच वेळी नतिपरीक्षाही घेतात. ज्ञात वजने डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवून नौका किती कलते हे लंबकाने मोजतात आणि त्यावरून गुरुत्वमध्याची उंची काढतात. त्या दिवशी नौकेवर असलेली प्रत्येक उपरी वस्तू, म्हणजे कामगारांची हत्यारे, मचाणाच्या फळ्या, टाक्यांत उरलेले पाणी, नोंदवून वजा केली जाते, आणि अजून बसवायच्या वस्तूंचे वजन मिळवले जाते. यातून निघणारे रिक्त विस्थापन नौकेच्या स्थैर्य-पुस्तिकेत नोंदवले जाते. नंतर मोठी दुरुस्ती किंवा नवी शस्त्रे बसवण्याचा प्रत्येक हिशेब या नोंदीपासून सुरू होतो.